हाकेपुरतं नाव

धनुर्मासातली पहाट. धुक्याने धुवट झालेली, धुराने धूसर झालेली. निफाडच्या पुढे, कालव्याच्या काठाने पसरलेल्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या होत्या. ओळीमागून ओळ, वेलीमागून वेल, आणि दर दोन ओळींच्या मधे तांबूस उजेडाचा एकेक पुंजका. वर आकाश काळंनिळं, खाली भुई काळीभोर, आणि मधे तेवढाच माणसाने लावलेला उजेड.

पारा पाचाच्या खाली उतरला की इथली माणसं अंथरुणात राहत नाहीत. मण्यांत नुकतं पाणी भरत असतं, साखर अजून लांब असते, आणि थंडीचा एक कडक फटका सगळ्या घडाला तडे पाडतो. म्हणून घोंगडीत गुरफटलेली माणसं उजाडायच्या आत बागेत येतात, पाचट पेटवतात, त्यावर ओला पाला टाकतात आणि धुराचं पांघरूण वेलींवर ओढतात. माणसाला थंडी वाजली तर घरचे कुरकुरतात. द्राक्षाला थंडी वाजली तर सगळा तालुका कुरकुरतो.

त्या धूम्रधूसर, हिमशीतल, आरक्तमंद उजेडात एक घर उभं होतं. तिन्ही बाजूंनी बागा, चौथ्या बाजूला कालवा. तांबड्या विटांचं, मंगलोरी कौलांचं, चार खोल्यांचं घर. मोठं नव्हे, फार जुनंही नव्हे. साखर कारखान्यात टाइमकीपर असलेल्या त्र्यंबक मालपुऱ्याने सदतीस वर्षांपूर्वी दोन खोल्या बांधल्या आणि जमेल तशा आणखी दोन जोडल्या. ते घर आता विकलं गेलं होतं.

विकलं गेलं होतं, पण सुटलं नव्हतं. दत्तजयंतीला शेजारच्या बागेच्या मालकाने, भागवत ढोमसेने, विसार दिला, पेढा दिला आणि त्र्यंबकच्या बायकोपुढे हात जोडले. “काकू, घाई कुठंय? आता धनुर्मास लागंल, मग पौष. असल्या दिवसांत मी कोणाच्या उंबऱ्यावर कुदळ नाही घालायचो. संक्रांत करा इथंच, किंक्रांत जाऊ द्या, मग चावी द्या.”

भागवत भला माणूस. त्याला घर नको होतं, घराखालची जागा हवी होती. तिथे त्याला द्राक्षांसाठी मोठं शीतगृह उभारायचं होतं. म्हणजे आधी कौलं उतरणार, मग भिंती, मग जमीन पुरुषभर खोल खणली जाणार, आणि हे सगळं पंचांग बघून. मोडायलाही मुहूर्त शोधणारी आपली माणसं.

तेव्हा तो एक महिना ते घर कोणाचंच नव्हतं. मालपुऱ्यांनी दिलेलं, ढोमस्यांनी न घेतलेलं. माहेर सुटलं आहे आणि सासर अजून लागलेलं नाही, अशा नवरीसारखं ते थंडीत वाटेतच थांबलं होतं.

त्र्यंबकला वाटेत थांबणं जमत नसे. जन्मभर भोंग्याबरोबर उठलेला माणूस तो. त्याच्या छातीने दोनदा कुरबूर केली होती, डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याजवळ राहायला सांगितलं होतं, आणि चिंचवडच्या मुलाने, निशिकांतने, आपल्या फ्लॅटमधली एक खोली रिकामी करून ठेवली होती. जायचं म्हणजे जायचं. रोज सकाळी नऊ ते बारा तो खोकी भरी. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिही, दोरीची गाठ दोनदा ओढून बघी. त्याच्या हिशेबाने सगळं वेळापत्रकाबरहुकूम चाललं होतं.

शरयूच्या हिशेबाने मात्र काहीतरी उलटं चाललं होतं. एकेक खोली रिकामी होत होती, आणि रिकामी होता होता भरत होती.

कपाट गेलं, आणि कपाटामागच्या भिंतीत एक श्वास उरला. पलंग गेला, आणि पलंगाखालच्या फरशीवर एक ऊब उरली. भांडी गेली, आणि भांड्यांच्या फळीवर एक शांतता बसून राहिली, कान टवकारून. पावलाला पाऊल उत्तर देऊ लागलं. खोकल्याला खोकला. शरयू चालायची थांबली तरी पाठीमागे काहीतरी एक क्षण उशिरा थांबायचं.

धनुर्मासात सूर्य उगवायच्या आत जेवायची तिच्या घरची पद्धत. बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची गरम खिचडी. अंधारातच ती चूल पेटवी, देवाला पान दाखवी, आणि भाकरी थापता थापता तिला वास येई. बाहेरच्या शेकोट्यांचा नव्हे. तो पाचटाचा, ओल्या पाल्याचा, डोळ्यांत जाणारा धूर तिच्या ओळखीचा होता. हा वास मागच्या खोलीतून येई. ओव्याचा, बाळंतशेपांचा, वावडिंगाचा. बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवलेल्या शेगडीचा.

मागच्या खोलीत शेगडी नव्हती. खाट नव्हती. तिथे दोरीने बांधलेली सहा खोकी होती, आणि त्यांच्यावर त्र्यंबकच्या सुवाच्य अक्षरात 'पुस्तकं', 'पितळ', 'सटरफटर' असं लिहिलेलं होतं.

आणि मग उचकी ऐकू येई. लहानशी, ओलसर, दूध जास्त झालेल्या जिवाची उचकी. एक. मग खूप वेळ काही नाही. मग आणखी एक. शरयू पिठाचे हात तसेच धरून उभी राही, आणि साठीला पोचलेल्या, सुकून गेलेल्या तिच्या छातीत दुधाची कळ येई. दर वर्षी याच महिन्यात ती येत असे. तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. ऐकून लोक हसले असते, किंवा त्याहून वाईट म्हणजे हसले नसते.

छत्तीस वर्षांपूर्वी, याच धनुर्मासात, याच मागच्या खोलीत तिला मुलगी झाली होती. तेव्हा भोवती बागा नव्हत्या, ऊस होता. घराला गिलावा व्हायचा होता, विटा उघड्या होत्या, आणि विटांच्या सांध्यांतून वारा आत येत होता. शरयूला आई नव्हती, सासूबाई थकलेल्या होत्या, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथेच झालं, आणि ते करायला त्र्यंबकची थोरली बहीण द्वारका चांदवडहून आली. शेक, धुरी, तेल, डिंकाचे लाडू. द्वारकाबाईंच्या राज्यात कशालाही तोटा नव्हता.

मुलगी अकरा दिवस जगली.

बाराव्या दिवशी बारसं होतं. पाळणा टांगून झाला होता. घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले होते. आणि उजाडायच्या आत, एका उचकीनंतर दुसरी उचकी आलीच नाही. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून त्र्यंबकने तिला उसामागच्या माळावर नेलं. परत आला, हात धुतले, आणि आठच्या भोंग्याला कारखान्याच्या दारात उभं राहून त्याने येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वेळा लिहिल्या. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी हरभऱ्यांची आठवण झाली. त्यांना बोटभर मोड आले होते.

पुढे दोन वर्षांनी निशिकांत झाला, नाशिकच्या दवाखान्यात, चांगला आठ पौंडांचा. घर हसलं, खेळलं, वाढलं. त्या अकरा दिवसांबद्दल नवराबायको एकमेकांशी कधी एक अक्षर बोलले नाहीत. दुःख बोललं तर वाटलं जातं म्हणतात. या दोघांनी ते वाटूनच घेतलं नाही, आपापलं वेगळं झाकून ठेवलं.

आता घर सोडायचं होतं, आणि घर सोडण्याची मालपुऱ्यांची एक रीत होती.

शरयूने ती एकदाच पाहिली होती, मनमाडचं भाड्याचं घर सोडून इथे येताना. सगळं सामान बाहेर काढल्यावर सासूबाईंनी रिकाम्या देव्हाऱ्यात दिवा लावला, उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, घराकडे तोंड केलं, आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. त्र्यंबक, चल. शरयू, चल. आणि शेवटी, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या आपल्या नवऱ्यालाही, जन्मात एकदाच नाव घेऊन. ते नाव उच्चारताना म्हातारीचे कान लाल झाले होते. “ज्याचं नाव घ्यायचं राहून जातं,” त्या शरयूला म्हणाल्या होत्या, “तो तिथंच राहून जातो.”

शरयूच्या मुलीला नाव नव्हतं.

म्हणजे नाव होतं, पण ते शरयूकडे नव्हतं. मालपुऱ्यांच्या घरात नाव आत्या ठरवते. ठरवते आणि ओठांत ठेवते. बारशाला पाळण्यावर वाकून, बाळाच्या कानात कुर्र करून, ती ते पहिल्यांदा बाळालाच सांगते. तोवर आईने विचारायचं नाही, बापाने विचारायचं नाही. बारशाआधी उच्चारलेलं नाव बाळाच्या आधी यम ऐकतो, अशी समजूत. तेव्हा द्वारकाबाई चांदवडहून नाव घेऊन आल्या, आणि तेराव्या दिवशी नाव परत घेऊन चांदवडला गेल्या.

त्यानंतर त्या या घरी जवळजवळ आल्याच नाहीत. निशिकांतच्या बारशाला पाय मुरगळल्याचा निरोप आला आणि कानात कुर्र करायला चुलत आत्या शोधावी लागली. लग्नात आल्या त्या मांडवातूनच परत गेल्या. लोक म्हणत, द्वारकाबाईंना भावजय आवडत नाही. शरयूलाही तसंच वाटे, आणि थोडं लागेही.

तिने दुसरं काही करून बघितलं नाही असं नाही. एका पहाटे मागच्या खोलीच्या दारात उभी राहून ती हळूच म्हणाली, बाळ. म्हणाली, छकुली. म्हणाली, सोने. अंधार ऐकत राहिला, हलला नाही. खरंच होतं त्याचं. बाळ म्हणून हाक मारली तर जगातलं कुठलंही बाळ वळून बघेल. तिला तिचंच बाळ हवं होतं.

आणि दिवस सरत होते. दुपारी ती डोळे मिटे तेव्हा तिला जमिनीला पडलेला खड्डा दिसे. मग त्यावर उभ्या राहिलेल्या जाड, बिनखिडकीच्या, पांढऱ्या भिंती. ज्या जागी शेगडी धगधगत होती, ज्या जागी ऊब मिळावी म्हणून दाराच्या फटीला चिंध्या लावल्या होत्या, त्या जागी आता बारा महिने हिवाळा कोंडून ठेवणार. वैशाखातसुद्धा हिवाळा. आणि त्या हिवाळ्यात, पेट्यांच्या रांगांमधे, अकरा दिवसांची एक मुलगी, आई येईल म्हणून थांबलेली. शरयूला ते सहन होईना.

“अहो,” एके दुपारी ती म्हणाली, “वन्संना विचारा ना.”

त्र्यंबक खोक्याला दोरी आवळत होता. “काय विचारू?”

“नाव.”

कोणाचं, असं त्याने विचारलं नाही. दोरी हातात तशीच राहिली.

“तिला काल काय जेवली ते आठवत नाही, शरयू.”

“जेवण विसरतं माणूस. नाव नाही विसरत.”

“आणि कळून काय करणार आहेस?”

“तिला बरोबर घेऊन जाणार आहे.”

त्र्यंबकने दोरी खाली ठेवली. “ती इथं नाहीये,” तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, उतरलाच होता. “मी नेऊन ठेवलंय तिला. या हातांनी. मला माहीत आहे ती कुठं आहे.”

“तुम्ही नेलंत,” शरयू म्हणाली. “मी कुठे आले होते? मला बाजेवरून उठू दिलं नाही कोणी. मी तर तिला इथेच शेवटची बघितली.”

छत्तीस वर्षांत एवढी चारच वाक्यं, आणि तीही खोकी बांधताना. त्र्यंबक उठून अंगणात गेला आणि बराच वेळ उन्हाकडे पाठ करून उभा राहिला. पुरुषमाणसाला रडायला जागा लागते, आणि त्या घरात आता आडोसाच उरला नव्हता.

मग शरयूने स्वतःच चांदवडला फोन लावला. सुनेने उचलला. आई झोपल्यात. दुसऱ्या दिवशी, आई देवळात गेल्यात. तिसऱ्या दिवशी, आई आंघोळीला बसल्यात. पुन्हा संध्याकाळी, तेव्हाही आंघोळीलाच. ऐंशी वर्षांची बाई थंडीच्या दिवसांत दोनदा आंघोळ करत नाही, एवढं शरयूला कळत होतं. तिने पुन्हा फोन केला नाही.

थंडी वाढली. गवतावरचं दव पांढरं, कडक होऊ लागलं. शेकोट्या आता संध्याकाळपासूनच पेटू लागल्या, आणि धूर खिडकीच्या गजांतून आत येऊन रिकाम्या खोल्यांतून माणसासारखा हिंडू लागला. या खोलीतून त्या खोलीत. त्या खोलीतून मागच्या खोलीत. तिथे तो थांबे, जमिनीजवळ उतरे, आणि पाळण्याच्या रिकाम्या कडीखाली झोका दिल्यासारखा हेलकावत राही.

शरयू दारात बसून त्याच्याकडे बघे. तिला भीती वाटत नव्हती. आपल्याच लेकराची कसली भीती? तिला लाज वाटत होती. जिला आपण नाव घेऊन बोलावू शकत नाही, तिला सोडून आपण निघालो आहोत, याची लाज.

भोगीच्या सकाळी त्र्यंबकने मफलर गुंडाळला, काठी घेतली. “टेम्पोवाल्याला भेटून येतो,” म्हणाला. टेम्पोवाला हाकेच्या अंतरावर राहत होता. त्र्यंबक दुपारी तीनला परतला. एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या हाताला धरून एक बाई उतरली. कमरेत वाकलेली, डोक्यावरून शाल, शालीत एवढासा चेहरा.

द्वारकाबाई फाटकातून आत आल्या. अंगण ओलांडलं. पायरीपाशी थांबल्या, उंबऱ्याकडे बघितलं आणि तिथेच पायरीवर बसल्या. शरयूने आत या म्हटलं. त्यांनी मान हलवली. तिने तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी पुढे ठेवली. त्यांनी ताटाला हात लावून नमस्कार केला, पण तुकडा मोडला नाही. त्र्यंबक लांब, चिकूच्या झाडाखाली जाऊन बसला.

“तुझ्या नवऱ्यानं मला काही विचारलं नाही,” द्वारकाबाई म्हणाल्या. “दारात आला आन् म्हणाला, अक्का, चल. बस. मी चप्पल घातली.”

शरयू त्यांच्याजवळ पायरीवर बसली.

“मी फोनवर येत नव्हते. सुनेला खोटं बोलायला लावत होते.”

“कळलं होतं मला, वन्सं.”

“त्या संध्याकाळी तू ग्लानीत होतीस,” द्वारकाबाई एकदम म्हणाल्या, जणू मधली छत्तीस वर्षं म्हणजे तोंडातला एक आवंढा होता. “पोरगी तापानं फणफणली होती. मी किती बाळंतपणं केलेली, मला दिसत होतं. उद्याचा दिवस ती काढत नाही. माझा जीव तुटला गं. बिननावाची जाईल म्हणून. पाळणा नाही, बाया नाहीत, गाणं नाही. शेगडीपाशी बसले, मांडीवर घेतली, आन् तिच्या कानात नाव सांगितलं.”

शरयूने वळून विचारलं, “तिला सांगितलंत?”

“एक रात्र आधी. दम नाही धरवला. आन् उजाडायच्या आत ती गेली.” म्हातारीने शालीचा काठ मुठीत धरला होता. “माझ्याच तोंडून यमानं ऐकलं ते. मी तिला धाडली, शरयू. कोणत्या तोंडानं तुझ्या उंबऱ्यावर येणार होते?”

उन्हं उतरू लागली होती. द्राक्षांच्या ओळींवरून एक फिकट, पिवळी, पातळ झळाळी सरकत सरकत अंगणात आली आणि दोन बायकांच्या पायांशी थांबली. एकीने मुलगी गमावली होती, आणि दुसरीने ती मारल्याचं ओझं वाहिलं होतं. एकाच दुःखाचं एकेक टोक धरून दोघी दोन गावांत बसल्या होत्या.

शरयूला आधी राग आला. खरा, तापलेला, पोटातून आलेला राग. “छत्तीस वर्षं,” ती म्हणाली. “तिला नाव होतं, आणि मी तिला बिननावाची समजून रडले. एकदा सांगायचं होतंत, वन्सं. शिव्या दिल्या असत्या मी तुम्हाला. पण हाक तरी मारली असती.”



मग शरयूच्या मनात दुसरं काही आलं, आणि राग जिथल्या तिथे बसला. त्या रात्री, शेगडीच्या उजेडात, कोणीतरी तिच्या मुलीला मांडीवर घेतलं होतं. कोणीतरी तिच्या कानाशी ओठ नेले होते. ती गेली ती रिकामी गेली नव्हती. आईला जे माहीत नव्हतं ते तिला माहीत होतं. आपण कोण, हे तिला माहीत होतं.

“तिला ताप होता, वन्सं,” शरयू म्हणाली. “ताप काही नाव ऐकून येत नाही. आणि तुम्ही तिला मोकळ्या हाती नाही धाडलंत. मी असते तर माझ्याने झालं नसतं ते.”

द्वारकाबाई रडल्या. म्हाताऱ्या माणसांचं रडणं फार लहान असतं. शरयूने पदराने त्यांचा चेहरा पुसला, आणि मग केस मागे सारून आपला उजवा कान त्यांच्या ओठांपाशी नेला.

“सांगा,” ती म्हणाली.

द्वारकाबाईंनी हाताचा आडोसा केला. “कुर्र,” त्या म्हणाल्या. साठ वर्षांच्या बाईच्या कानात ऐंशी वर्षांच्या बाईने कुर्र केलं, आणि मग हळूच, दोन अक्षरांचं नाव सांगितलं.

“तू नदी,” त्या म्हणाल्या, “म्हणून तुझ्या लेकीलाही नदीच केली.”

चिकूखाली बसलेल्या त्र्यंबकला काही ऐकू गेलं नाही. नाव कळलं, एवढं त्याला कळलं. त्याने विचारलं नाही. शरयूनेही सांगितलं नाही. ते नाव पहिल्यांदा मोठ्याने घ्यायची जागा ठरलेली होती. द्वारकाबाई उठल्या, उंबरा ओलांडून आत आल्या, आणि मागच्या खोलीत दोन खोक्यांच्या मधे भिंतीला टेकून, चांगल्या घोरत झोपल्या.

संक्रांत झाली. तीळ वाटले, गूळ वाटला. किंक्रांत गेली. सामान आदल्या दिवशी टेम्पोने रवाना झालं. आणि निघायची सकाळ उजाडली ती धुक्याचीच. पांढरी, ओली, आवाज गिळणारी. फाटकाशी भागवतची जीप येऊन उभी राहिली. स्टेशनवर मी सोडणार, असा त्याने हट्टच धरला होता, आणि वाटेत द्वारकाबाईंना चांदवडच्या एसटीत बसवायचं होतं.

द्वारकाबाई पुढे बसल्या. त्र्यंबक मागे चढला आणि लांबरुंद बाकाच्या मधोमध बसला, दोन्ही गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. भागवत कौलांकडे बघत, आपल्यालाच काहीतरी चुकल्यासारखं वाटून, उगाच चाकांना लाथा मारत राहिला.

शरयू आत एकटी होती. रिकाम्या देव्हाऱ्यात तिने दिवा लावला. चारही खोल्यांतून फिरली. भिंतीवर जिथे तसबिरी होत्या तिथे उजळ चौकोन होते, जिथे डोकी टेकली होती तिथे तेलकट डाग होते. मागच्या खोलीत ती थोडी जास्त थांबली. ओव्याचा वास होता. दुधाची कळ होती. उचकी नव्हती, होता तो श्वास रोखून धरलेला, बोलावण्याची वाट बघणारा गारवा.

ती उंबऱ्याबाहेर आली, वळली, आणि घराकडे तोंड करून उभी राहिली.

“त्र्यंबक, चल,” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा. जीपमध्ये बसलेल्या म्हाताऱ्या टाइमकीपरने चमकून मान वर केली.

“निशिकांत, चल.” मग सासूसासऱ्यांनाही तिने नाव घेऊन बोलावलं.

“शरयू, चल.”

मग ती थांबली. बागांतला धूर अंगणापर्यंत आला होता. चूल विझलेली, दोऱ्या सुटलेल्या, दारं उघडी. छत्तीस हिवाळे त्या चार खोल्यांत गोळा होऊन उभे होते.

“रेवा,” शरयूने हाक मारली. आवाज स्वच्छ होता, अंगणात खेळणाऱ्या मुलीला जेवायला बोलवावं तसा. “रेवा, चल गं. निघायचंय आपल्याला.”

मागच्या खोलीतून एक गार झुळूक निघाली, तीन दारं ओलांडून आली आणि तिच्या पावलांवरून बाहेर गेली. वारंच असेल. थंडीचे दिवस होते, दारं सगळी उघडी होती. शरयूने वाकून काही बघितलं नाही. तिने दार ओढलं, कडी घातली आणि चावी भागवतच्या हातात दिली. छातीतली कळ थांबली होती.

ती जीपपाशी आली तेव्हा त्र्यंबक मधोमध बसलेला नव्हता. तो पलीकडच्या खिडकीशी सरकला होता, अगदी अंग चोरून. त्याचे ओठ हलत होते. दोन अक्षरं, पुन्हा दोन अक्षरं. शरयू अलीकडच्या खिडकीशी बसली.

“काकू, ही आपल्या बागेतली पहिली तोडणी.” भागवतने द्राक्षांची पेटी आत सरकवली. “मधी ठेवा, रिकामीच हाये जागा.”

“मधे नको,” त्र्यंबक म्हणाला. “मी मांडीवर घेतो.”

त्याने पेटी मांडीवर घेतली. जीप निघाली. धुक्यातून, धुरातून, विझत आलेल्या शेकोट्यांच्या मधून, हळूहळू, बांधाच्या कच्च्या वाटेने. कोणी मागे वळून बघितलं नाही. डांबरी रस्त्याला चढताना चाक खड्ड्यात आदळलं, गाडी जोरात हिसकली, आणि त्या क्षणी मागच्या बाकावरच्या दोघांचेही हात, एक इकडून, एक तिकडून, मधल्या जागेपुढे आडवे गेले, आणि तिथेच राहिले.